उलटं टेबल, अर्धी मेणबत्ती

सदरलंड, १४ ऑगस्ट

प्रिय वेसल,

पाकिटावरचा पत्ता शेजारच्या मावशीच्या, टानी ग्रिएताच्या, हातचा आहे. माझं अक्षर दिसलं असतं तर तू ते न फोडताच टाकून दिलं असतंस. फोनवर माझं नाव दिसलं की तू तो वाजत ठेवतोस हे मला ठाऊक आहे. पत्र वाजत नाही, पडून राहतं, आणि पडून राहिलेल्या पत्राचा शेवटी माणसाला त्रास होतोच. बाबांच्या दफनाला तू आला नाहीस म्हणून मी जे बोलले ते मागे घ्यायला हे लिहीत नाहीये. ते होतं तिथेच आहे. पण तू आईचा मुलगा आहेस, आणि आपल्या आईला एका माणसाने घेरलं आहे.

नाव बारेंड. वय एकसष्ट. आई सत्तरची आहे, हिशोब तू कर. बायको वारलेली. जन्मभर केपटाउनात आयुर्विमा विकला, म्हणजे जे हातात येत नाही, डोळ्यांना दिसत नाही आणि ज्याचा उपयोग झालेला बघायला आपण उरत नाही, ते लोकांच्या गळ्यात मारायची त्याला सवय. जूनमध्ये दुर्बीण घेऊन आपल्या गेस्ट हाऊसवर तीन रात्रींसाठी आला. आता टानी ग्रिएताकडे मागची खोली भाड्याने घेऊन राहतोय.

आपल्या गावात माणसं दोनच कामांसाठी येतात, गारठायला आणि वर बघायला. तेव्हा पाहुण्यांना तारे दाखवणारा फुकटात मिळाला म्हणून आधी मलाही बरं वाटलं. पण हा दाखवतो काय? टेबल! म्हणे अडीचशे वर्षांपूर्वी कोणी फ्रेंच विद्वान केपला येऊन तारे मोजत बसला होता, त्याने टेबल माउंटनचे आभार मानायला तो डोंगरच आकाशात नेऊन ठेवला. सगळ्या आकाशात याच्याइतकं अंधुक नक्षत्र दुसरं नाही. ठळक म्हणावा असा एक तारा त्यात नाही. बारेंड परसातल्या भिंतीवरच्या काळोखाकडे बोट करतो आणि पाहुणे "आहा" करतात. परवा एका जर्मन जोडप्याला अंडी वाढताना मी विचारलं, काय दिसलं? नवरा म्हणाला, "हिला दिसलं." बायको म्हणाली, "ह्यांना दिसलं."

वर म्हणतो, सध्या संध्याकाळी टेबल उलटं असतं. डोंगरावर ढगांचं पांढरं कापड पसरतं ना, तसा या टेबलाजवळही ताऱ्यांचा एक ढग आहे, तोही सध्या खाली पडलेला. फेब्रुवारीत सगळं सुलट होईल. म्हणजे माल आज मागाल तर उलटा, सुलटा हवा तर थांबा. विमाच झाला की हा!

तर मागच्या रविवारी चर्चनंतर हा कॉफीला आला. मी दुधाचा टार्ट केला होता. पाहुण्यांसाठी मी करतेच, त्यात नसतं काही वाचू नकोस. केसही त्याच आठवड्यात कापून घेतले होते, ते पाद्रीणबाई यायच्या होत्या म्हणून. याने कप खाली ठेवला, घसा साफ केला.

"हेस्टर, तुझी परवानगी हवी होती."

"कशाची?"

"शनिवारी संध्याकाळी तुझ्या आईजवळ, आलेटाजवळ बसायची."

माझ्या हातातली बशी पडली नाही. पडली असं टानी ग्रिएता गावभर सांगतेय म्हणून खुलासा.

आणि आई! लाजायचं सोडून हसली. म्हणाली, "मग जुन्या रीतीनेच होऊ दे. माझी आई आता नाही. घरातली कर्ती बाई तू. मेणबत्ती तू ठेवायची."

आठवतंय ना? आजीने बाबांसाठी ठेवलेली पहिली मेणबत्ती एवढीशी होती की बाबांनी हॅट काढेपर्यंत ती विझली, आणि ती विझली की मुलाने उठून घरी जायचं, हा नियम. बाबा गेले, पुढच्या शनिवारी पुन्हा आले. मुलगा पसंत पडत गेला तशी मेणबत्ती वाढत गेली. ही गोष्ट आपण इतक्यांदा ऐकलीय की तू पर्थला जाऊनसुद्धा विसरला नसशील. आता मेणबत्तीची ती पितळी बैठक माझ्या हातात आली आहे. पन्नाशीला आलेल्या मुलीने सत्तरीच्या आईच्या प्रियकराला मेणबत्ती लावायची!

मुद्दा ऐक. आई म्हणते, दोन्ही मुलं हो म्हणतील तरच लग्न करीन. घर आईचं आहे. उद्या तो घरचा मालक झाला की मी कोण? न्याहारी करणारी बाई. तेव्हा तू नाही म्हण. एक ओळ पुरे.

जूनमध्ये मी त्याला नुसतं बारेंड म्हणायचे. आता ऊम बारेंड म्हणते. काकाच तो माझा, वयाने.

हेस्टर

सदरलंड, २० सप्टेंबर

वेसल,

तुझी एक ओळ अजून निघालेली दिसत नाही.

पहिल्या शनिवारी मी चांगली वीतभर मेणबत्ती ठेवली. टानी ग्रिएता साखर मागायच्या निमित्ताने येऊन बसली होती, तिच्यादेखत कंजूषपणा कसा करायचा? ते दोघं पुढच्या खोलीत, मी स्वयंपाकघरात, मधलं दार रीतीप्रमाणे उघडं. मला वाटलं आता गोड गोड ऐकावं लागणार. पण हा माणूस कशावर बोलत होता सांगू? गारपिटीने कोकरू मेलं तर भरपाई मिळते का यावर. आई "हो का?" "असं का?" करत होती. म्हणजे किती मुरलेला आहे बघ. मी ऐकतेय हे ठाऊक असल्यामुळे एक शब्द वावगा नाही. निर्दोष माणूस इतका कंटाळवाणा नसतो रे.

जाताना मला म्हणाला, "हेस्टर, ऊम कशाला? बारेंड म्हणत होतीस ते बरं होतं."

मी म्हटलं, "तुमच्या वयाचा मान ठेवायला नको का, ऊम?"

मेणबत्ती तेव्हापासून मी पावाच्या सुरीने कापते. दर शनिवारी थोडी थोडी. माणसाला घराबाहेर काढायची इतकी सभ्य पद्धत आपल्या पूर्वजांनी शोधून ठेवली आणि आपण तिला नावं ठेवत होतो!

पण आईचं लक्षण काही ठीक नाही. मेणबत्ती लहान होतेय आणि ती गुणगुणतेय. काल तिने मला विचारलं, "पुढच्या शनिवारी अजून थोडी कापशील का गं?" चिडून विचारलं नाही. अगदी मऊ आवाजात. मला टोमणा मारायला ती शिकलेली दिसते. शिकवणी कोणाची ते उघड आहे.

हे आईला सांगू नकोस. तू दर रविवारी तिच्याशी बोलतोस, तेव्हा ती दार लावून घेते. इतकं काय असतं तुमचं?

हेस्टर

सदरलंड, २६ ऑक्टोबर

वेसल,

हे मी सांगायच्या आधी आईने तुला सांगितलं असणारच, तेव्हा माझी बाजूही वाच.

ऑगस्टमध्येच मी पुरावा करून ठेवला होता. रात्री आठाच्या ठोक्याला, परसातल्या दगडावर उभं राहून, ऊम बारेंडला म्हटलं, "ऊम, नेमकं कुठे आहे हो तुमचं टेबल?" त्याने बोट केलं. दुसऱ्या दिवशी परसातल्या भिंतीवर बरोबर त्या जागेखाली मी चुन्याची रेघ मारली. परवा पुन्हा आठाच्याच ठोक्याला, त्याच दगडावर उभं राहून, तोच प्रश्न. या खेपेला बोट रेघेपासून चांगलं दोन हात डावीकडे! म्हटलं, सापडला. खोटं बोलणाऱ्याची जागा दर वेळी बदलते.

काल न्याहारीला पाहुण्यांसमोर मी तो विषय काढला. तुला म्हणून सांगते, मी तयारी केली होती. आधी सगळ्यांना मध वाढला, मग शांतपणे विचारलं, "ऊम, जे टेबल ऑगस्टमध्ये रेघेवर होतं, ते ऑक्टोबरमध्ये कुंपणाकडे सरकलं. उचलून कोणी नेलं?"

एक डच मुलगी होती, ती संत्र्याच्या रसात हसली. म्हणजे ग्लास तोंडाला असताना. टेबलक्लॉथ धुवायला टाकावा लागला.

ऊम बारेंड मात्र हसला नाही. ते मला जास्त लागलं. म्हणाला, "दोन महिन्यांनी ते जागेवरच राहिलं असतं तर मी घाबरलो असतो, हेस्टर. घड्याळ तेच असलं तरी महिन्यागणिक सगळं आकाश सरकतं. पण रेघ झकास मारलीस हं. मी कधी इतकी काळजी घेतली नाही."

आई म्हणाली, "बारा वर्षं ही तारे बघायला येणाऱ्यांना अंडी तळून घालतेय. एकदा मान वर केली असेल तर शपथ."

आकाश माझ्याकडे नाही, माझ्याकडे न्याहारी आहे. मी हे दहादा सांगितलंय. तारे फिरतात एवढं मलाही कळतं, शाळेत मीही जात होते. पण ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी नसायचं हे मला तुझ्याव्यतिरिक्त कोणाचं माहीत नव्हतं.

त्या संध्याकाळी मी वाढदिवसाच्या केकवरची मेणबत्ती लावली. गुलाबी, पीळदार. पितळी बैठकीत ती उभी राहीना म्हणून बटाट्यात खोचली.

ऊम बारेंड आला, बटाट्याकडे बघितलं आणि हॅट छातीशी धरून मला म्हणाला, "हेस्टर, फार उपकार झाले."

उपकार! वेसल, या माणसाला अपमान कळत नाही, की तो अपमानसुद्धा गोळा करून कुठेतरी जमा ठेवतोय?

तू "नाही" कधी पाठवतोयस?

हेस्टर

सदरलंड, २३ नोव्हेंबर

वेसल,

हे पत्र तू बसून वाच, कारण मी ते उभ्याने लिहितेय. बसवत नाही.

गेले काही शनिवार एक गोष्ट मला खात होती. मेणबत्ती विझते, पुढचं दार वाजतं, त्याचे बूट खडीवरून जातात. इथवर नियमाप्रमाणे. पण टानी ग्रिएताचं फाटक वाजत नाही. ते फाटक असं किंचाळतं की गावात कोण कधी घरी गेलं ते सगळ्यांना कळतं. आणि आई "झोपते गं" म्हणून जाते, पण तिच्या खोलीच्या दाराखालून उजेड येत नाही.

काल मी स्वयंपाकघरातला दिवा मालवून बसून राहिले. मग मागचं दार हळूच उघडलं. आपली आई, सत्तर वर्षांची, गुडघ्याचं ऑपरेशन झालेली, बाबांचा जुना कोट घालून चोरासारखी परसात! तो पुढच्या दाराने बाहेर पडून घराला वळसा घालून तिथे आधीच हजर. नियम काय म्हणतो, तर मेणबत्ती विझली की मुलाने घराबाहेर जायचं. घराबाहेरच होता तो. विमावाला ना, कलमं कशी वाचायची ते त्याला बरोबर कळतं.

मी मोठा टॉर्च घेतला आणि थेट त्यांच्या तोंडावर मारला.

"बंद कर तो!" आई अशी ओरडली की लहानपणी तू मेंढ्यांच्या गोठ्यात काडी ओढली होतीस तेव्हासुद्धा ओरडली नव्हती. "अर्धा तास घालवलास आमचा!"

"कसला अर्धा तास?"

"डोळ्यांचा! आता पुन्हा पहिल्यापासून."

"आई, तुला लाज..."

"आधी बंद कर, मग विचार."

मी बंद केला. काळोखात मला काहीच दिसेना. ऊम बारेंडचा आवाज आला, "बस हेस्टर. तुझ्या उजव्या हाताला खुर्ची आहे."

हात लावला तर होती. तीन खुर्च्या होत्या, भिंतीकडे तोंड करून.

"तिसरी कोणाची?" मी विचारलं. टानी ग्रिएताही यात सामील असेल असं वाटलं मला.

"तुझी," आई म्हणाली. "सप्टेंबरपासून ठेवतोय. तू येशील म्हणून."

मग जे कळलं ते लिहायला हात वळत नाही, पण लिहिते. ते टेबल इतकं अंधुक आहे की आधी अर्धा तास डोळ्यांना काळोखात मुरवावं लागतं. मेणबत्तीची ज्योत पाहिली की झालं, डोळे पुन्हा कोरे. पहिल्या शनिवारी माझी ती वीतभर मेणबत्ती संपता संपेना. "कोकरांच्या विम्यावर बोलून बोलून माझे जबडे दुखले," ऊम म्हणाला. "आणि ऐकून ऐकून माझे," आई म्हणाली. पुढच्या शनिवारी मेणबत्ती आखूड झाली, त्याच्या पुढच्या शनिवारी आणखी.

"बारेंड मला म्हणाला, तुझी मुलगी हुशार आहे, तिच्या लक्षात आलं बघ," आई सांगत होती. "मी म्हटलं, माझी हेस्टर जिभेने कडू आहे, पण न सांगता समजून घेते. दर शनिवारी आपल्यासाठी थोडा थोडा अंधार वाढवून देते."

"मी हाकलायला कापत होते!" मी ओरडले. "यांनी जावं म्हणून!"

 मग आई हसायला लागली. इतकी हसली की टानी ग्रिएताचा कुत्रा भुंकायला लागला. मी म्हटलं, "वेसल नाही म्हणणार आहे, एवढं लक्षात ठेवा." तर आई डोळे पुसत म्हणते, "वेसल सप्टेंबरातच हो म्हणाला."

सप्टेंबरात! म्हणजे मी ज्याला फितवत होते तो आधीच पलीकडे जाऊन बसला होता. एक ओळ मागितली होती तुझ्याकडे मी. "मी हो म्हणालोय" ही पण ओळच होती की.

"आता फक्त तू राहिलीस," आई म्हणाली. या वेळी हसत नव्हती. "तू नाही म्हणालीस तर नाही. मी यांनाही तसं सांगितलंय. तोंडाने बोलू नकोस, तोंडाने तू भलतंच बोलतेस. ज्या शनिवारी पूर्ण मेणबत्ती ठेवशील त्या दिवशी मी समजेन."

"पूर्ण मेणबत्ती म्हणजे त्या दिवशी टेबल नाही दिसायचं," ऊम म्हणाला.

"एक दिवस चालेल," आई म्हणाली.

मी उठून आत आले. मला त्यांचं टेबल दिसलं नाही. ते सध्या कुशीवर आहे म्हणे.

हेस्टर

सदरलंड, ८ फेब्रुवारी

प्रिय वेसल,

डिसेंबर-जानेवारी मी चौकशीत घालवले. केपटाउनला ऊम बारेंडच्या चर्चच्या पाद्रींना फोन केला. ते म्हणाले, सज्जन माणूस, दोन मुली आहेत, त्यांचं छान चाललंय, गातो मात्र बेसूर. इतका स्वच्छ माणूस असू शकत नाही म्हणून मी दुसऱ्या एका पाद्रींनाही फोन केला. तेही म्हणाले, गातो बेसूर. मग वकिलाचा कागद आला, त्यानेच करून आणलेला: घर आईचं, आईनंतर तुझं-माझं, त्याचा कशावर हक्क नाही. तो कागद मी तीनदा वाचला आणि टानी ग्रिएताकडून एकदा वाचून घेतला. फट सापडली नाही. ज्याला फट ठेवायची नाही त्याच्या मनात काय असेल, या विचाराने मला दोन रात्री झोप नाही.

या घरातलं त्याने एकच मागितलं. परसातला बल्ब काढावा. मी त्या बल्बचाही पुष्कळ विचार केला.

आई या काळात एकदाही काही बोलली नाही. शनिवारी मी केकवरची मेणबत्ती ठेवायचे, ती "बरं" म्हणायची. पण गुणगुणणं थांबलं होतं, आणि नाताळच्या उन्हाळ्यात तिने बाबांचा कोट धुऊन, घडी करून कपाटात ठेवला. मी म्हटलं, "हे काय?" म्हणाली, "थंडी संपली ना." तिच्याकडे बघून मला वाटलं, आता ही म्हातारी दिसायला लागली. जूनमध्ये दिसत नव्हती.

काल शनिवार. मी दुकानातून नवी मेणबत्ती आणली, जाड, पांढरी, वीतभरापेक्षा मोठी. पितळी बैठक घासली. मेणबत्ती तिच्यात नीट उभी केली, पुढच्या खोलीत मधोमध ठेवली. आणि पेटवली नाही.

आई आली. मेणबत्तीकडे बघितलं, वातीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "काडेपेटी नाही का घरात?"

"आहे."

"मग?"

"पूर्ण हवी होती ना? ही पूर्णच राहील. पेटवली की संपायला लागते."

ऊम बारेंड दारात हॅट घेऊन उभा होता. विमावाला, चटकन हिशोब केला त्याने. "म्हणजे मी जायचं कधी, हेस्टर?"

"ते विझल्यावर बघू, ऊम," मी म्हटलं.

आईने माझ्या गालाला हात लावला आणि कपाटातून कोट काढायला गेली. फेब्रुवारीच्या भर उन्हाळ्यात.

मीही परसात बसले. बल्ब मीच काढला, स्टुलावर चढून. बराच वेळ काही नाही. मग काळोखात आईने मला एक गोष्ट विचारली, ऑगस्टमधल्या त्या टार्टबद्दल, आणि कापलेल्या केसांबद्दल. मी नाही म्हटलं. अंधारात तोंड दिसत नाही ही एक सोय आहे. तिने पुन्हा विचारलं नाही, नुसता माझा हात धरून ठेवला, आणि ऊम बारेंड नेमका तेव्हाच कॉफी आणायला उठला. हे त्याला कोणी शिकवलं असेल, यावर मी अजून विचार करतेय.

तो ढग मला दिसला. पुसटसा, पांढरा, कापडासारखा. त्याच्याखाली बघ म्हणाले. बघितलं, काही नाही. ऊम म्हणाला, "सरळ टक लावून बघू नकोस, लाजतं ते. थोडं बाजूला बघ." तशी मी कुंपणाकडे बघत बसले, आणि डोळ्याच्या कोपऱ्यात तीन-चार ठिपके आले आणि गेले. टेबलच असेल कशावरून? खाटही असेल. मी म्हटलं, "दिसलं." आई म्हणाली, "खरंच?" मी म्हटलं, "सुलटं आहे."

लग्न मार्चअखेर ठेवलंय, म्हणजे हे पत्र पोचून तुला तिकीट काढायला वेळ मिळेल. आग्रह नाही. सांगून ठेवते.

आणि एक. ऊमने नकाशा दाखवला. पर्थ आणि सदरलंड जवळजवळ एकाच आडव्या रेषेवर आहेत. म्हणजे ते टेबल तुझ्या घरावरही इतक्याच उंचीवर येतं, आमच्या आधी काही तास. तेव्हा गाडी काढ, शहराच्या दिव्यांपासून लांब जा, दक्षिणेकडे तोंड करून उभा राहा. ढगाच्या खाली, थोडं बाजूला बघायचं. दिसलं की मला फोन कर, मी उचलीन.

पण अर्धा तास थांबावं लागतं. त्याच्या आत केलास, तर तू खोटं बोलतोयस हे मला कळेल, आणि मी तो वाजत ठेवीन.

हेस्टर